शुक्रवारची रात्र सगळ्यांची राहू द्या

दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारी आली की आमच्या इकडच्या मराठी आईबाबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो. आठवीतल्या मुलांना नववीचे विषय निवडायचे असतात, शाळेतून फॉर्म आलेला असतो, आणि कुणीतरी विचारतं, "लेक तीन वर्षं बँडमध्ये आहे पण हायस्कूलला बँड ठेवला तर जीपीए (मार्कांची सरासरी) खाली येतो म्हणतात, सोडायला लावू का?" मग दोन दिवस चर्चा. कुणी म्हणतं सोडा, चार वर्षं वाया जातात, कुणी म्हणतं ठेवा, कॉलेजच्या अर्जात बरं दिसतं, कुणी उन्हाचं सांगतं, आणि शेवटी कुणीतरी लिहितंच की बँड, फुटबॉल, होमकमिंग आणि प्रॉमसारखे शाळेतले सोहळे, हा सगळा अमेरिकनांचा टाइमपास आहे, आपली मुलं इथे शिकायला आलीत.

मी डॅलसच्या उत्तरेला, कॉलिन काउंटीत राहते, सतरा वर्षं झाली. मोठीने हायस्कूलची चारही वर्षं मार्चिंग बँड केला, म्हणजे फुटबॉलच्या (अमेरिकन, हेल्मेटवाल्या) मैदानावर कवायत करत वाजवायचा बँड, धाकटा आता नववीत आहे. ग्रुपवर मी दरवेळी दोन ओळी लिहून गप्प बसले, यंदा सविस्तर लिहिते. बँड ठेवायचा की सोडायचा हे ज्याच्या त्याच्या घरात ठरेल. पण पब्लिक शाळेतल्या या परंपरा नक्की कुणाच्या आणि त्यांचे पैसे कुणी भरायचे हे सगळ्या गावाने ठरवायचं आहे, आणि त्यावर आपल्यात कुणी बोलतच नाही.

आधी त्या जीपीएबद्दल, कारण ती भीती खोटी नाही. टेक्सासमध्ये १९९७ साली कायदा झाला की राज्यातल्या कुठल्याही हायस्कूलमधून पहिल्या १० टक्क्यांत आलेल्या मुलाला सरकारी युनिव्हर्सिटीत आपोआप प्रवेश. राजधानी ऑस्टिनच्या युटीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासला, इतकी गर्दी झाली की तिथे हा आकडा कमी कमी करत आता ५ टक्क्यांवर आणलाय. म्हणजे आपल्याच शाळेतल्या, आपल्याच शेजारच्या बाकावरच्या मुलांशी शर्यत, आणि एपीच्या, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, विषयाला जास्त पॉइंट, बँडच्या तासाला साधे पॉइंट, त्यामुळे बँड घेतलेल्या मुलाची सरासरी खरंच थोडी घसरते. काही स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे त्या त्या भागातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या संस्थांमध्ये, कलाविषयांची क्रेडिट्स रँकच्या हिशोबातून वगळायची सोय असते, ती सगळीकडे असायला हवी, आणि ते मागून घेणं दोन पालकांनी मनावर घेतलं तर होण्यासारखं आहे. पण आपण काय करतो, नियम बदलायला सांगत नाही, मुलीच्या हातातलं वाद्य काढून घेतो.

आता ते ऊन. ऑगस्टचा पहिला आठवडा, सकाळचे सात वाजलेत, शाळा सुरू व्हायला अजून वेळ आहे आणि शाळेमागच्या डांबरी पार्किंगवर दीडशे-दोनशे पोरं उभी. डांबरावर पांढऱ्या रंगाने फुटबॉलच्या मैदानासारख्या रेघा मारलेल्या. प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला अडकवलेली एक छोटी वही, तिच्यात त्याच्या प्रत्येक जागेचा पत्ता: तिसाच्या रेघेपासून दोन पावलं आत, पुढच्या खुणांपासून चार पावलं मागे. दर पाच यार्डाला आठ पावलं, ना सात ना नऊ. हातात वाद्य, समोर उंच शिडीवर उभा, बँडला ठोका देणारा ड्रम मेजर, तोही अकरावी-बारावीतलाच एक पोरगा नाहीतर पोरगी, आणि माइकवरून सरांचा आवाज, "परत, सुरुवातीपासून." तेच सोळा ठोके चाळीस वेळा. माझी मुलगी मेलोफोन वाजवायची, म्हणजे फ्रेंच हॉर्नचं मैदानात चालत वाजवायचं भावंड म्हणा. पहिल्या वर्षी तिसऱ्या दिवशी घरी येऊन रडली की मी एकटी चुकते आणि सगळी कमान वाकडी दिसते. चौथ्या वर्षी तीच नववीतल्या पोरांना उभं कसं राहायचं ते शिकवत होती, आणि त्यातल्या एकाला पाणी प्यायला स्वतःहून बाजूला बसवलं म्हणून सरांशी वाद घालून आली. हे कुठल्या क्लासमध्ये शिकवतात मला सांगा.

शाळेच्या दिवसांत तर टेक्सासमध्ये नियमच आहे की शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला आठ तासांच्या वर सराव घ्यायचा नाही. तरी पोरं आठ तासांतच थकून जातात, हे खरं. शनिवारी स्पर्धा, रविवारी सकाळी मराठी शाळा, आणि ऑक्टोबरात नवरात्र नेमकं होमकमिंगच्या आसपास येतं, त्यामुळे आमच्या घरात गरब्याची ओढणी आणि बँडचे पांढरे हातमोजे एकाच खुर्चीवर पडलेले असायचे.

शुक्रवारी रात्री शाळांच्या फुटबॉल मॅचेस असतात आणि बँड तिथेच वाजतो. या शुक्रवारच्या रात्रीला या देशात किती मान आहे हे मला पण उशिरा कळलं. १९६१ साली अमेरिकन काँग्रेसने टीव्हीवरच्या खेळांसाठी जो कायदा केला त्यात अशी तजवीज आहे की सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर आणि शनिवारी एनएफएलने, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या लीगने, आपल्या मॅचेस टीव्हीवर दाखवू नयेत, का तर शाळा-कॉलेजांच्या मैदानावरची माणसं घरी बसतील. एवढा मोठा धंदा, पण शाळेच्या पोरांसाठी शुक्रवारची रात्र सोडतो. मॅसॅच्युसेट्समध्ये नीडम आणि वेलस्ली या दोन शेजारगावांच्या पब्लिक शाळा १८८२ पासून थँक्सगिव्हिंगला एकमेकांशी फुटबॉल खेळताहेत. होमकमिंग म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांनी माघारी यायचं, ही रीत कॉलेजांतून आली, आमच्या टेक्सासमधल्या बेलर युनिव्हर्सिटीत १९०९ साली तसा सोहळा झाला होता, इतरही दोन-तीन ठिकाणं पहिलेपणाचा हक्क सांगतात, ते राहू द्या.

पण नीडमला गाव होतं, गावाला चौक होता. आमच्याकडे काय आहे? आमच्या इकडचं फ्रिस्को १९९० साली साधारण सहा हजार वस्तीचं खेडं होतं, २०२० च्या जनगणनेत दोन लाखांवर गेलं. जिथे कापूस आणि ज्वारी व्हायची तिथे एकसारख्या विटांची घरं, सहा पदरी रस्ते, आणि गॅरेजचं दार वर झालं की गाडी आत, दार खाली. शेजारी कोण राहतो हे कुरिअरवाल्याला जास्त माहीत. मंदिर आपल्या लोकांचं, चर्च त्यांच्या लोकांचं, मशीद आणखी कुणाची, प्रत्येकाचं किराणा दुकान वेगळं. या सगळ्या पसाऱ्यात एकच जागा अशी आहे जिथे तेलुगू डॉक्टरीण, मेक्सिकन छपरं घालणारा, व्हिएतनामी नेलसलूनवाली आणि तीन पिढ्या इथे शेती केलेला म्हातारा गोरा आजोबा एकाच पत्र्याच्या बाकावर बसून एकाच मुलांच्या नावाने ओरडतात, ती म्हणजे शाळेचं स्टेडियम. मी स्वतः पाच वर्षं शुक्रवारी खाण्याच्या टपरीवर उभी राहिले, नाचोवर चीज ओतलं, फ्रिटो पाय म्हणजे मक्याच्या चिप्सच्या पुडीतच राजमा-खिमा ओतून द्यायचा तो दिला, मोठमोठी लोणच्यातली काकडी कागदात गुंडाळून विकली. सतरा वर्षांत या गावात जी माणसं मला नावाने ओळखतात त्यातली निम्मी त्या टपरीने दिली. म्हणून मला टाइमपास हा शब्द टोचतो.

आणि हेही आठवा की आपण या शाळेत आलो कसे. आम्ही एच-वनवर आलो तेव्हा मुलगी पहिलीत जायची होती. भाड्याच्या घराचा करार, विजेचं बिल आणि लसीचा कागद, एवढ्यावर त्याच आठवड्यात ती वर्गात बसली. व्हिसा कसला, किती दिवसांचा, कुणी विचारलं नाही. ते विचारत नाहीत यामागे टेक्सासचाच खटला आहे, टायलर गावातला, १९८२ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की कागद नसलेल्या मुलालाही सरकारी शाळेचं दार बंद करता येणार नाही. पब्लिक या शब्दाचा अर्थ मला त्या आठवड्यात कळला. दारात पैसे नाहीत, जात नाही, पासपोर्ट नाही.

मग आत गेल्यावर कशाला पैसे?

होमकमिंगला टेक्सासमध्ये मुली छातीवर शेवंती लावतात. इकडे तिला मम म्हणतात. पूर्वी खरं फूल असायचं, मुलगा मुलीला द्यायचा, साधी रिबिन लावून. आता ते फूल रेशमी असतं आणि फुलाभोवती गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या रिबिनींचा झुबका, त्याला घुंगरं, छोटे टेडी, झगमगणारे दिवे, मुलीचं नाव, शाळेचे रंग, आणि एका फुलाच्या जागी तीन-तीन फुलं. मुलगे दंडावर तसलाच छोटा प्रकार बांधतात. शुक्रवारी सकाळपासून सगळ्या शाळेत घुंगरांचा आवाज चाललेला असतो, आणि मला तो मनापासून आवडतो, खोटं कशाला बोलू, आमच्या लेकीचा मम आम्ही तिघींनी डायनिंग टेबलवर बसून गरम डिंकाच्या बंदुकीने चिकटवला होता आणि त्यात आईने सांगलीहून पाठवलेली पैंजणातली चार घुंगरं ओवली होती. पण दुकानातून बनवून घेतला की दोनशे-तीनशे डॉलर सहज, आणि ज्या मुलीच्या अंगावर त्या दिवशी काहीच नसतं ती दिसते. लांबून दिसते.

ममचं तरी ठीक आहे म्हणा, तो घरचा हौसेचा खर्च, शाळा मागत नाही. बँडची फी मात्र शाळा मागते. आमच्याकडे मोठीच्या शेवटच्या वर्षी फी, बूट, हातमोजे, सरावाचे टीशर्ट आणि स्पर्धेच्या प्रवासाचे मिळून चौदाशे डॉलरच्या आसपास गेले. ही पब्लिक शाळा, जिच्यासाठी आम्ही दर वर्षी प्रॉपर्टी टॅक्स भरतो, आणि टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नसल्यामुळे त्या बिलातला सगळ्यात मोठा तुकडा शाळेचाच असतो. शिवाय क्लॅरिनेट, फ्लूट घरून घ्यायचे, खासगी शिकवणीचे पैसे वेगळे, आणि आसपासच्या शाळांतून निवडल्या जाणाऱ्या रीजन बँडमध्ये पहिल्या खुर्च्यांवर बसणारी बहुतेक मुलं शिकवणीवालीच असतात हे सगळ्यांना दिसतं.

मुलीच्या बरोबरची एक मुलगी होती, सहावीपासून एकत्र, सॅक्सोफोन वाजवायची, माझ्या मते त्या वर्गातला सगळ्यात चांगला कान तिचा. दहावीच्या सुरुवातीला ती आलीच नाही. मी समजले अभ्यासासाठी सोडलं असेल. पुढे वर्षभराने टपरीवर तिची आई भेटली, ती दोन ठिकाणी काम करायची, म्हणाली फीच्या फॉर्मवर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की अडचण असेल तर डायरेक्टरना येऊन भेटा, पण माझी पोर म्हणाली आई तू नको जाऊस, मीच सोडते. चौदा-पंधरा वर्षांचं पोर, त्याला सगळ्यांच्या देखत नसलं तरी एका सरांच्या खोलीत जाऊन आम्ही गरीब आहोत असं सांगायचं. नाही सांगितलं तिने. मी त्या टपरीवर दर शुक्रवारी नाचो विकून बँडसाठीच पैसे गोळा करत होते आणि माझ्या डोळ्यांदेखत एक पोर गळलं ते मला कळलं नाही.

म्हणून "पण सवलत असते ना" हे उत्तर मला पटत नाही. आणि ते फक्त मलाच पटत नाही असं नाही. कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या हायस्कूल डिस्ट्रिक्टने पैशाची ओढाताण झाली म्हणून खेळ, बँड, गाणं, नाटक, चीअरलीडिंग अशा प्रत्येक गोष्टीला २५ डॉलर फी लावली होती, फक्त २५, आणि गरीब मुलांना माफीही ठेवली होती. १९८४ साली तिथल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ती फी रद्द केली. कोर्टाचं म्हणणं असं की राज्यघटनेने मोफत शाळा दिली आहे तर बँड आणि खेळ हेही शिक्षणच आहे, आणि मुलाला ते मिळणं घरच्यांच्या ऐपतीवरही अवलंबून नको आणि माफीचा अर्ज करायच्या तयारीवरही नको. हे शेवटचं वाक्य मी वाचलं तेव्हा त्या सॅक्सोफोनवालीची आठवण आली. पुढे तिथल्याही शाळांनी "ऐच्छिक देणगी"च्या नावाखाली तेच सुरू केलं, मग पुन्हा कोर्टबाजी, आणि २०१२ साली पालकांना तक्रार करता येईल अशी कायद्यात सोय करावी लागली. म्हणजे निकालाने सगळं सुटत नाही. पण निदान तिथे फी चुकीची आहे एवढं तरी ठरलंय. टेक्सासमध्ये अशा फीला मुभा आहे, आणि आपण सगळे नेमाने ऑनलाइन भरून मोकळे होतो.

माझ्या स्वतःच्या शाळेत, सांगलीजवळच्या एका साध्या हायस्कूलमध्ये, पीटीच्या सरांच्या खोलीत भिंतीला खिळे मारून लेझमी टांगलेल्या असायच्या. पन्नास-साठ असतील. २६ जानेवारी जवळ आली की सर खोली उघडायचे आणि ज्याला हवी त्याने घ्यायची. कुणाची दांडी सैल, कुणाची चकती कमी, पण लेझीम शाळेची होती. मामलेदाराची मुलगी आणि आमच्या शाळेच्या शिपाईमामांची मुलगी एकाच रांगेत, आणि डाव सुरू झाला की कोण कुणाची ते कळायचं नाही. परंपरा म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर तो खिळ्यांचा भिंतीचा कोपरा येतो. ती आम्हाला कुणी विकली नव्हती.

आता कुणी म्हणेल पैसे आणायचे कुठून. रास्त प्रश्न आहे, आणि इथे थोडं हिशोबात शिरावं लागेल. टेक्सासमध्ये शाळेच्या टॅक्सचे दोन कप्पे असतात. एकातून रोजचा खर्च, म्हणजे पगार, बस, वीज. दुसऱ्यातून बॉन्डचं कर्ज फेडायचं, आणि बॉन्डचा पैसा इमारती, मैदानं, सामान यालाच वापरता येतो, शिक्षकाच्या पगाराला नाही. त्यामुळे आमच्या इकडच्या ऍलन गावात २००९ साली लोकांनी बॉन्डला मत दिलं आणि २०१२ साली १८,००० खुर्च्यांचं, ६ कोटी डॉलरचं शाळेचं स्टेडियम उभं राहिलं, दीड वर्षात काँक्रीटला भेगा पडून बंद झालं, दुरुस्त होऊन २०१५ ला उघडलं. देशभर बोलणी खाल्ली त्या गावाने. मी त्या स्टेडियमवर रागवत नाही, शुक्रवारी ते भरतं, आणि लोकांनी मत देऊन बांधलंय. पण त्याच बॉन्डच्या कप्प्यातून वाद्यंही घेता येतात. जे डिस्ट्रिक्ट कोट्यवधी डॉलरची मैदानं बांधू शकतं त्याला शंभर क्लॅरिनेट जड जाऊ नयेत.

रोजच्या खर्चाचा कप्पा मात्र खरंच आटलाय, त्यात डिस्ट्रिक्टचा दोष कमी आणि ऑस्टिनचा, म्हणजे राज्य सरकारचा, जास्त. राज्याने दर मुलामागे धरायचा मूळ आकडा २०१९ साली ६,१६० डॉलर ठरवला आणि मधे एवढी महागाई होऊनही तो २०२५ पर्यंत तिथेच ठेवला, मग त्यात ५५ डॉलर घातले. पगारवाढीला वेगळे पैसे दिले हे मान्य, पण मूळ आकड्यात पंचावन्न. त्याच वर्षी खासगी शाळांच्या फीसाठी पालकांना द्यायला १०० कोटी डॉलरची योजना मात्र मंजूर झाली. शिवाय श्रीमंत डिस्ट्रिक्टच्या टॅक्समधला काही भाग गरीब डिस्ट्रिक्टसाठी म्हणून राज्य काढून घेतं, ही पद्धत १९९३ पासून आहे, आणि आपल्या ग्रुपवर तिच्या नावाने सगळ्यात जास्त चिडचिड होते. मी त्या चिडचिडीत नाही. सॅन अँटोनियोच्या एजवूडच्या गरीब पालकांनी खटला केला, १९७३ साली सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चार मतांनी हरले, मग राज्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं लढले तेव्हा कुठे ही व्यवस्था आली. आमच्या महागड्या घरांचा टॅक्स फक्त आमच्याच पोरांना मिळावा असं म्हणायचं असेल तर पब्लिक शब्द तरी पाटीवरून काढावा. पण गोळा झालेला पैसा शाळांपर्यंत पूर्ण पोचतोय का हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

शाळा केवढी असावी यावरही या परंपरा अवलंबून असतात आणि ते आपल्याकडे शेजारी शेजारी बघायला मिळतं. ऍलनने सगळ्या गावाला एकच हायस्कूल ठेवलं, पाच हजारांच्या घरात मुलं, एक गाव एक टीम एक बँड, आणि त्याचा दरारा आहे. फ्रिस्कोने उलटं केलं, साधारण २,१०० मुलांची एक शाळा धरून आता बारा हायस्कुलं झाली, त्यामुळे बहुतेक शाळा मुलांच्या संख्येवर ठरणाऱ्या गटांपैकी सगळ्यात वरच्या ६ए गटात बसत नाहीत, ५एमध्ये खेळतात. पण बारा शाळा म्हणजे बारा ड्रम मेजर, बारा क्वार्टरबॅक, नाटकात बारा नायिका. मला फ्रिस्कोचं धोरण जास्त बरोबर वाटतं, टीव्हीवर झळकणारी एक टीम असण्यापेक्षा जास्त पोरांना मैदानात पाय ठेवायला मिळणं महत्त्वाचं. त्याला खर्च येतो हेही खरं, आणि २०१६ साली तिथल्या मतदारांनी टॅक्स वाढवायला नाही म्हटलं तेव्हा नव्या शाळा उघडणं लांबणीवर टाकावं लागलं होतं.

परंपरा म्हणून सगळंच डोक्यावर घ्यावं असं मी म्हणत नाही. जुन्या दक्षिणेत कित्येक शाळांनी टीमला रिबेल्स नाव दिलं, म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या बंडखोरांचं, बऱ्याच ठिकाणी नेमकं गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र बसवायची वेळ आली त्या १९५०-६० च्या काळात. फोर्ट वर्थजवळच्या रिचलंड हायस्कूलचं तेच नाव होतं, २०२० साली काढलं आणि रॉयल्स केलं. मैदान तेच, शुक्रवार तोच. ज्या नावाने शाळेतल्याच पोराला खाली बघायला लागतं ते नाव गेलेलं बरं.

आणि फुटबॉल. हे लिहिताना मला जड जातंय पण लिहायलाच हवं. देशभरात दहा लाखांच्या आसपास मुलं हायस्कूलमध्ये हेल्मेट घालून फुटबॉल खेळतात. माझ्या मुलाने विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, डोक्याला बसणाऱ्या माराबद्दल आता जे कळलंय ते कळल्यावर. मग दुसऱ्या कुणाच्या मुलाने तो मार खावा आणि मी बाकावर बसून टाळ्या वाजवाव्यात, हे मला सोडवता आलेलं नाही. २०११ साली टेक्सासने कायदा केला की डोक्याला मार बसल्याचा संशय आला तर मुलाला त्या दिवशी परत मैदानात उतरवायचं नाही आणि पुढेही डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय नाही. त्याची काटेकोर अंमलबजावणी आणि प्रत्येक सरावाला दुखापती बघणारा पात्र ट्रेनर हजर, याच्यावर पैसा आधी जावा, स्कोअरबोर्डच्या मोठ्या पडद्यावर नंतर.

आता आपल्या लोकांना दोन शब्द, आणि रागावू नका. आपण घर घेताना शाळेचं रेटिंग बघतो, दहापैकी नऊ असेल तर वीस हजार जास्त देतो. मॅथच्या जादा क्लासला, एसएटीच्या कोचिंगला सहज पैसे काढतो. आणि शाळेत त्याच पोराला दोनशे जणांत एक होऊन उभं राहायला शिकवतात तो वेळ आपल्याला वाया गेलेला वाटतो. ज्यांना फी परवडते ते भरतात, ज्यांना आवडत नाही ते मूल काढून घेतात, दोन्ही बाजूंनी आपण एकट्याने वाट काढतो. स्कूल बोर्डाच्या मीटिंगला मी गेले तेव्हा खोलीत निम्म्याच्या वर मुलं आपली असलेल्या शाळांची चर्चा चाललेली आणि आपल्यातले आम्ही दोघं. एच-वनवाल्यांना मत देता येत नाही, ग्रीन कार्डवाल्यांनाही नाही, मान्य. पण बोलायला नागरिकत्व लागत नाही, आधी नाव नोंदवलं की तीन मिनिटं मिळतात. ज्यांना मत आहे त्यांनी द्यावं, बहुतेक ठिकाणी बोर्डाची निवडणूक मे महिन्यात असते, बोर्डाची माणसं बिनपगारी असतात आणि थोड्याशा मतांनी निवडून येतात, त्यामुळे पन्नास घरं एकत्र आली तरी ऐकावं लागतं.

मागायचं काय ते साधं आहे. बँड, ऑर्केस्ट्रा, गाणं, नाटक, खेळ, ड्रिल टीम यातल्या कशालाही भाग घेण्याची फी नको. वाद्य शाळेचं असावं, ज्याला घरचं आणायचं त्याने आणावं. टपरीवर आम्ही जे कमावतो ते सगळ्यांच्या खात्यात जावं. आणि परगावच्या स्पर्धेला जायचं तर सगळी मुलं जाऊ शकतील एवढ्याच अंतरावर जावं, त्यासाठी वर्षातली एखादी मोठी स्पर्धा हुकली तरी चालेल. यावर आमच्या बूस्टर क्लबात, म्हणजे बँडसाठी पैसे गोळा करणाऱ्या पालकांच्या मंडळात, माझं बरंच वाजलं. एक बाई म्हणाल्या, फुकट दिलं की किंमत राहत नाही. मी म्हटलं, फुटबॉलच्या पोराला शाळा हेल्मेट देते, ते तो कधी फेकून देतो का.

बजेटची सुनावणी उन्हाळ्यात असते, बहुतेक वेळा तेव्हा आपण सगळे भारतात असतो. पुढच्या वर्षी तिकिटं काढताना ती तारीख बघून काढणार आहे.

मेलोफोन हे वाद्य महाग, त्यामुळे ते आमच्याकडेही शाळेचंच असतं, वर्षाला थोडं भाडं. मोठीच्या मेलोफोनवर कोरलेला नंबर होता आणि पुढच्या रुंद तोंडाच्या कडेला एक पोचा, दहावीत बसमधून उतरताना पडला होता. पास होताना तिने तो पुसून, तेल घालून, पेटीत घालून परत दिला. यंदा ऑगस्टमध्ये धाकट्याच्या बँडला पाणी द्यायला गेले तर तोच पोचा दिसला. नववीतला एक पोरगा, लांब बाह्यांचा शर्ट, नवे बूट, वही गळ्यात उलटी लटकलेली. शिडीवरून ड्रम मेजर ओरडली, "मेलोफोन, दोन पावलं मागे." त्याने वही सरळ केली, बघितलं, आणि मागे सरकला.